साथ आणि अंगावर काढलेली दुखणी



‘दुखणे अंगावर काढणे’ हा आपल्या मराठीतील मोठा बोलका प्रयोग आहे. ताप आहे, पण कापूस वेचावयाचा राहिला आहे; छातीत कळ येते, पण मुलीचे लग्न तेवढे पार पडू दे; असे म्हणत माणूस दवाखान्याची पायरी टाळतो. एरवी ही गोष्ट एकेका माणसाची, फार तर एकेका घराची असते. साथीच्या काळात मात्र सबंध जिल्हाच दुखणी अंगावर काढू लागतो. कोरोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, हे आपल्या हिंगोली जिल्ह्यात घडले, महाराष्ट्रात घडले आणि जगात बहुतेक ठिकाणी घडले. त्या रोगाने किती माणसे नेली याची चर्चा पुष्कळ झाली. त्या दोन वर्षांत बाकीच्या आजारांचे आणि आजाऱ्यांचे काय झाले, हा आजचा विषय आहे.

साथ म्हटली की दवाखान्यात माणूस मावत नाही, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. ते अर्धेच खरे आहे. साथीच्या रोग्यांसाठी राखलेल्या खोल्या भरतात, आणि बाहेरच्या व्हरांड्यात, जिथे एरवी बाळंतिणी, खोकणारे म्हातारे, लस टोचण्यासाठी आणलेली मुले यांची दाटी असते, तिथे शुकशुकाट होतो. रोगजंतू काही त्या दिवसांत रजेवर गेलेले नसतात. माणसे येईनाशी होतात, एवढेच.

ती का येईनाशी होतात? आपल्या जिल्ह्यापुरते पाहू. २०२० च्या एप्रिलात येथे साथीची पहिली मोठी चाहूल लागली ती राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमुळे. मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्त आटोपून ते हिंगोलीस परतले आणि त्यांतील बऱ्याच जणांना लागण झाल्याचे तपासणीत आढळले. यात त्यांचा दोष कसला? ते कामगिरीवर गेले होते. परंतु गावाला त्या दिवशी कळले की, ‘तो रोग’ आता वर्तमानपत्रातून उतरून आपल्या रस्त्यावर आला. त्यापूर्वीच, मार्चअखेर, देशभर टाळेबंदी लागलेली. एस. टी. बंद. मोठ्या उपचारासाठी आपला माणूस जावयाचा तो नांदेडला किंवा थेट औरंगाबादच्या घाटीत (औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे). कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या रुग्णाने ही वाट कशाने तुडवावी? कित्येक खाजगी दवाखान्यांची दारेही त्या दिवसांत लावलेलीच होती.

वाहन नसणे हे कारण खरे. पण तेवढेच असते तर वाहने सुरू होताच माणसे परतली असती. तशी ती परतली नाहीत. कारण दुसरी गोष्ट भयाची होती, आणि ते भय नुसते रोगाचे नव्हते. खोकला घेऊन गेलो तर घशातला नमुना घेतील. नमुन्यात काही निघाले तर नेऊन ठेवतील. दारावर पट्टी लागेल, शेजारी बोलणार नाहीत. आणि मेलो तर घरच्यांना तोंडही दिसणार नाही. म्हणून माणसे खोकला दाबू लागली. औषधाच्या दुकानातून गोळी आणावी, काढा घ्यावा, वाफ घ्यावी आणि गप्प राहावे. हळदीचे दूध तर घरोघर सुरू झाले. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने २०२० च्या मार्चमध्येच त्याची शिफारस केली होती. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला पुढे २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे आपल्याला त्या शिफारशीचा थोडा अभिमानही वाटला असेल. हळदीच्या दुधाने कोणाचे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. दवाखान्याऐवजी हळदीचे दूध, इथे घोटाळा झाला.

हे भय नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ऑक्टोबर महिन्यात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता होती. आणि रोगी तिथे अगदी अखेरच्या घटकेला पोचत असल्यामुळे तो बहुधा परत येतही नसे. हे चक्र ध्यानात घ्यावे. भयाने उशीर, उशिराने मृत्यू, मृत्यूने पुन्हा भय. त्या रुग्णालयाला आज कस्तुरबा रुग्णालय म्हणतात, आणि २०२० साली मुंबईतील कोरोनाचे पहिले रोगी तेथेच दाखल झाले. पुण्यात १८९७ साली घरे झडतीने तपासण्याचा जो प्रकार झाला, त्याने लोक रोगी लपवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून, यशवंतरावांनी पुण्याबाहेर काढलेल्या दवाखान्यात नेत होत्या. त्या सेवेतच १० मार्च रोजी प्लेगने त्यांचा अंत झाला. रोग तोच, शहरही तेच. शिपायाला पाहून रोगी लपे, आणि सावित्रीबाईंबरोबर तो दवाखान्यात जाई.

आता २०२० चे परिणाम पाहू. क्षयरोगाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. २०१९ साली भारतात सुमारे २४ लाख क्षयरोग्यांची नोंद झाली; २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की मुसके बांधून, घरी बसून क्षय कमी झाला. तसे नव्हे. जवळजवळ सहा लाख माणसे नोंदीत आलीच नाहीत. क्षयाचे पहिले लक्षण म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, आणि त्या वर्षी खोकला हीच तर लपवावयाची वस्तू झाली होती! उपचार सुरू झाले की क्षयरोगी बहुधा काही आठवड्यांत दुसऱ्यास लागण देईनासा होतो. उपचाराविना घरात बसलेला रोगी मात्र, त्याच बंद खोलीत, आपल्या नातवंडांनाच रोग देतो.

लसीकरणाचेही तसेच. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसीच्या तिन्ही मात्रा पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण देशात एका वर्षात ९१ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर उतरले. सहा टक्के म्हणजे फार नव्हेत असे कोणी म्हणेल. परंतु गोवरासारखा रोग अडवावयाचा तर शंभरातील पंचाण्णव मुले सुरक्षित असावी लागतात. जाळ्याला भोक लहान असले तरी गोवर त्यातून निसटतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ उसळली आणि मुले दगावली. त्यांतील काही मुले टोचून घेण्याच्या वयाची होती तेव्हा टाळेबंदी होती.

मधुमेहाची गोष्ट मी स्वतःपासून सांगतो. त्या वर्षी रक्तातील साखर तपासावयाचे मी आठ महिने टाळले. टोचून घ्यावयाचा कंटाळा होताच, त्याला साथीचे चांगले निमित्त मिळाले. माझे निभावले. सर्वांचे निभावले नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडची औषधे मोठ्या प्रमाणावर, कित्येकदा गरज नसताना आणि अधिक दिवस, दिली गेली. ती साखर वाढवितात व प्रतिकारशक्ती दाबतात. आधीच साखर बेताबाहेर गेलेल्या शरीराला काळ्या बुरशीने गाठले, आणि महाराष्ट्रात कित्येकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला.

येथे एक गंमत, कडवट गंमत, पाहा. २०२० साली औषधापासून पळणारी माणसे २०२१ च्या एप्रिलात रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी रात्रभर रांगेत उभी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरातच ते औषध वापरू नये असा सल्ला दिला होता. भय तेच, पूर्वी ते पायरी चढू देत नव्हते, आता हाती लागेल ते औषध मागावयास लावीत होते.

लसीच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे नाव दिल्लीपर्यंत गेले, पण अभिमानाने सांगावे असे नव्हे. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी ज्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यांत पहिली मात्रा निम्म्यांनाही न मिळालेले जिल्हे होते. महाराष्ट्रातून औरंगाबाद, नांदेड, बुलढाणा, अकोला, नंदुरबार आणि आपले हिंगोली. अडाणीपणा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्याची दिवसाची मजुरी बुडते, आणि टोचल्यावर दोन दिवस ताप येतो हे ज्याने शेजारी पाहिले आहे, तो सोयाबीनच्या काढणीत लस पुढे ढकलतो. त्याचा हिशेब चुकीचा असेल, पण तो हिशेब आहे. त्या महिन्यात दोन उपाय झाले. औरंगाबादेत लस नसेल तर पेट्रोल व रेशन नाही असा हुकूम निघाला. आणि देशभर घरोघर जाऊन लस देण्याची मोहीम निघाली. हुकमाने रांगा लागतात, हे मान्य. पण हुकमाने घेतलेल्या लशीनंतर माणूस पुढचा खोकला सांगावयास येईल का, याची मला शंका आहे.

घरोघर जाणाऱ्या त्या आशा कार्यकर्त्या आपल्या ओळखीच्या आहेत. ताप मोजणे, प्राणवायू मोजणे, नावे लिहिणे ही कामे त्यांनी केली, आणि कधी दारातून शिव्याही खाल्ल्या. १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे ७० हजार आशांना मानधनासाठी संप करावा लागला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरवाला पैसे पडत नाहीत.

साथ ओसरल्यावर मुसके पहिल्या उन्हाळ्यातच खुंटीला गेले. फोनवरून डॉक्टरांना विचारण्याची सवय मात्र थोडीबहुत टिकली. क्षयरोग्यांची नोंद २०२२ साली पुन्हा २४ लाखांवर आली. त्यांतले किती जण दोन वर्षे उशिरा आले, ते त्या आकड्यावरून दिसत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, आणि काही रुग्णांची नांदेडची वाट त्यामुळे वाचेल. पण सेनगावकडच्या एखाद्या वस्तीवर म्हातारीचा खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला, हे आधी कळते ते तिच्या दारावरून जाणाऱ्या आशाला. म्हातारीने तिला ते सांगितले, की थुंकीची डबी तालुक्याला जाते.