शब्दकोडे : संकेत नीट वाचणे हीच निम्मी उकल

वृत्तपत्र हाती येताच प्रथम शब्दकोड्याचे पान उघडणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा अनुभव सारखाच असतो. निम्मे कोडे झरझर सुटते आणि मग गाडे अडते. आपला शब्दसंग्रह तोकडा आहे, असा निष्कर्ष काढून वाचक पान मिटतो. तो निष्कर्ष बहुधा अर्धाच खरा असतो. शब्द ठाऊक असतो. परंतु संकेताने सांगितलेले लिंग, वचन आणि ऱ्हस्व-दीर्घ यांकडे लक्ष गेलेले नसते.

वर्ण आणि अक्षर

शब्दकोडे मूळचे इंग्रजीतले. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेले पत्रकार आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पहिले कोडे दिले. त्याचा आकार पत्त्यातील चौकटच्या खुणेसारखा होता. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एकच वर्ण लिहितात. मराठीत मात्र चौकोनात संपूर्ण अक्षर बसते, मात्रा आणि जोडाक्षर यांसह. 'स्त्रीधन' हा शब्द तीन चौकोनांत मावतो आणि त्याच्या पहिल्या चौकोनात तीन व्यंजने व एक स्वर एकत्र नांदतात.

याचा सोडविणाऱ्याला मोठा लाभ होतो. इंग्रजीत छेदणारा वर्ण सव्वीसांपैकी एक असतो. मराठीत 'क', 'का', 'कि', 'की' हे सारे वेगवेगळे ठरतात. म्हणून आडव्या आणि उभ्या शब्दाला सामाईक असलेले एक अक्षर कळले, तरी अनेक शब्द एकदम बाद होतात. मात्र तेच अक्षर चुकले, तर चूकही तितकीच दूरवर पसरते.

एक ढग, सहा नावे

'मेघ (३)' असा साधा संकेत घ्या. कंसातील आकडा अक्षरांची संख्या सांगतो. बहुतेक जण तत्काळ 'जलद' लिहितात. परंतु जल, नीर, तोय, वारि, अंबु आणि पय हे सगळे पाण्याचे वाचक शब्द असून 'द' म्हणजे देणारा. त्यामुळे जलद, नीरद, तोयद, वारिद, अंबुद आणि पयोद असे सहा शब्द तयार होतात. सहाही मेघवाचक, सहाही तीन अक्षरी. 'द'च्या जागी 'ज' घातला की जलज, नीरज, अंबुज अशी कमळे उमलतात आणि 'धी' घातला की जलधी, वारिधी, पयोधी असे समुद्र हाती येतात. पूर्वी 'अमरकोश' पाठ करणाऱ्यांना ही शब्दकुळे मुखोद्गत असत. आज ती पाठ नसली तरी घडण लक्षात ठेवली, तर एका किल्लीने अनेक कुलुपे उघडतात.

आता समजा, 'मेघ'च्या पहिल्याच अक्षरापासून एक उभा शब्द सुरू होतो आणि त्याचा संकेत आहे 'वाडवडिलांकडून आलेला (३)'. आपण 'जलद' लिहून बसलो असल्यास 'ज'ने सुरू होणारा शब्द शोधू लागतो आणि 'जमीन' सापडते. तीन अक्षरे जुळतात, अर्थही जमतो. एका चुकीने दुसरीला असा आधार दिला की कोडे हमखास अडते.

येथे व्याकरण मदतीला येते. 'जमीन' स्त्रीलिंगी आहे. ती अपेक्षित असती, तर संकेतात 'आलेली' असे असते. 'आलेला' या रूपाला पुल्लिंगी नाम हवे, म्हणजे 'वारसा'. पहिले अक्षर 'वा' ठरले की 'जलद' खोडावे लागते आणि 'वारिद' आपोआप उभा राहतो. शेवटच्या एका 'ला'ने दोन शब्द सोडविले.

ऱ्हस्व-दीर्घाची कसोटी

'वारिद'मधील 'रि' ऱ्हस्व आहे. त्या चौकोनातून खाली जाणारा 'रिता' बसेल, 'रीत' बसणार नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या, शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे 'कवी' हा सुटा शब्द दीर्घान्त लिहितात. परंतु तो समासात आधी आला की 'कविराज' असा ऱ्हस्व होतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा. एरवी लेखनात आपण या भेदाकडे काणाडोळा करतो. चौकोन तसा करू देत नाही, कारण तेथे प्रत्येक अक्षराला दोन शब्दांची साक्ष लागते.

अनेकार्थी शब्दांबाबतही सावध असावे. 'कर' म्हणजे हात, किरण आणि सरकारी देणेही. 'अंक' म्हणजे मांडी, आकडा, नाटकाचा भाग आणि नियतकालिकाची प्रत. संकेताचा पहिला सुचलेला अर्थ जुळेना, तर शब्द बदलण्यापूर्वी अर्थ बदलून पाहावा.

क्रम कोणता असावा?

प्रथम म्हणी पूर्ण करण्याचे संकेत घ्यावेत. 'अति तेथे ...' याला 'माती'शिवाय दुसरे उत्तर संभवत नाही. त्यानंतर लांब शब्द पाहावेत. दोन अक्षरी समानार्थी शब्द शेवटी ठेवावेत. ते सोपे दिसतात, परंतु त्यांनाच पर्याय अधिक असतात. छेदणाऱ्या शब्दाचा पुरावा मिळेपर्यंत पेन्सिलच वापरावी. अडल्यास नवा शब्द आठवीत बसण्याऐवजी आधी लिहिलेल्यांपैकी पुराव्याविना लिहिलेला कोणता, ते तपासावे.

आज भ्रमणध्वनीवर शोध घेतला की उत्तर क्षणात मिळते. परंतु असे मिळालेले 'वारिद' संध्याकाळपर्यंत स्मरणात राहीलच, असे नाही. 'जलद' खोडून, 'जमीन' सोडून स्वतः शोधलेले 'वारिद' विसरले जात नाही. दैनंदिन बोलण्यातून नीर, तोय, पय यांसारखे शब्द जवळजवळ गेलेच आहेत. ज्या थोड्या ठिकाणी सामान्य वाचकाशी त्यांची अजून गाठ पडते, त्यांत हे चौकोन आहेत. म्हणून उद्याच्या अंकातील उत्तर पाहण्याआधी आज एकदा खोडरबर हाती घ्यावे.