बाळवासुदेवाचा वेष

शाळेच्या स्नेहसंमेलनात बालकांच्या वेषभूषेचा कार्यक्रम ठरला की घरोघर धांदल उडते, आणि बहुधा तिचा शेवट भाड्याचा पोशाख आणण्यात होतो. तो पोशाख अनेकांनी वापरलेला, बगलेत काचणारा आणि मापाने कोणाचाच नसलेला असा असतो. वास्तविक एखादा साधा वेष घरी शिवणे फारसे कठीण नाही. पाच वर्षांच्या मुलाकरिता वासुदेवाचा वेष कसा सिद्ध करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सुईदोरा हाती घेण्यापूर्वी वासुदेव कोण, हे मुलाला सांगावे. डोईवर मोरपिसांची उंच टोपी, अंगात पांढरा घेरदार झगा, कमरेस शेला, हाती चिपळ्या व टाळ अशा थाटात भल्या पहाटे दारी येणारा, देवाचे नाव गात गिरक्या घेणारा आणि दान पदरी पडताच दात्याचे कल्याण चिंतणारा हा लोकगायक होय. सोळाव्या शतकात एकनाथमहाराजांनी आपल्या भारुडात त्याला स्थान दिले. तेव्हा हे सोंग कोणाच्या दारिद्र्याला हसण्याकरिता नव्हे, हे मुलाच्या मनावर आधी ठसले पाहिजे.

या वेषाचा प्राण म्हणजे झग्याचा घेर. तो साधण्यास भूमितीतील वर्तुळ उपयोगी पडते. मुलाच्या कमरेचा घेर २२ इंच असेल, तर सैलपणासाठी ३ इंच वाढवून २५ इंच धरावे. ४ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे २५ इंच भरतो. झगा कमरेपासून पोटरीपर्यंत १६ इंच हवा असल्यास बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या २० इंच होते. म्हणजे कमरेपेक्षा खालचा घेर बरोबर पाचपट! एकही चुणी न घालता गिरकीसरशी झगा छत्रीसारखा फुलतो, तो याच कारणाने.

४५ इंच पन्ह्याचे पांढरे सुती कापड सव्वा मीटर घ्यावे. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करावी. त्यातून ४२ इंचांचा चौरस कापून चार पदरी घडी घालावी. ज्या कोपऱ्यात कापडाची एकही सुटी कड नाही, तो वर्तुळाचा मध्य. तेथे दोरीचे टोक धरून दुसऱ्या टोकास खडू बांधावा आणि साडेतीन इंचांवर एक व २१ इंचांवर दुसरा असे दोन कंस काढावेत. आतला कंस ४ इंचांवर का नाही, असे कोणी विचारील. अर्धा इंच शिवणीत जातो, आणि शिवण मग बरोबर ४ इंचांवर येते. बाहेरचा जादा इंच दुमडीसाठी आहे.

वरच्या भागासाठी नवे कापड नको. मुलाचा पुढून बटणे असलेला जुना पांढरा सदरा कमरेच्या खाली अर्धा इंच राखून कापावा. घेराच्या आतल्या कडेला इंच-इंच अंतरावर पाव इंचाचे छेद द्यावेत, म्हणजे ती गोलाई ताणली न जाता वळते. सदऱ्याच्या बटणपट्टीखाली घेरालाही ६ इंचांची चीर ठेवून तिच्या कडा दुमडून घ्याव्यात, नाहीतर झगा अंगात चढणार नाही. सदरा सैल असल्यास बारीक चुण्या घालून तो घेराच्या मापाला आणावा, दोन्ही भाग कच्च्या टाक्यांनी जोडून एकदा अंगावर घालून पाहावे, आणि मगच पक्की टीप मारावी. खालची कड मात्र लगेच दुमडू नये. वर्तुळातील तिरपे धागे वजनाने खाली उतरतात. म्हणून झगा रात्रभर टांगून ठेवावा आणि सकाळी कड समतल करून दुमडावी.

टोपीचे गणितही असेच. डोक्याचा घेर सैलपणासह २१ इंच, त्यात चिकटविण्यासाठी एक इंच मिळवून २२. १४ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा चतुर्थांश पातळ पुठ्ठ्यातून कापला की त्याची वाटोळी कड नेमकी २२ इंच होते. तो गुंडाळून शंकू करावा. १९६३ साली मोर आपला राष्ट्रीय पक्षी ठरला व १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. तेव्हा पिसे निळ्या, हिरव्या व तांबूस कागदाची करावीत. ती मुलाला स्वतः कापू द्यावीत. टोपी टिकावी म्हणून हनुवटीखाली दोरी आवळू नये. आतून मऊ फडक्याची पट्टी लावली म्हणजे पुरे.

एक शेवटची परीक्षा राहते. आदल्या दिवशी हा वेष घालून मूल बसते काय, धावते काय, पाणी पिते काय आणि लघुशंकेस विनासायास जाते काय, ते पाहावे. जेथे अडेल तेथे शिवण उसवून दुरुस्त करावी. बक्षीस परीक्षक देवोत अथवा न देवोत. व्यासपीठावर मूल रडवेले न होता आनंदाने एक गिरकी घेईल, तर शिवणाऱ्याचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.