मोबाईलच्या दुकानातील बाटल्या

कला शाखेच्या वार्षिकांकात रसायनांवरचा लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई किंवा केज यांपैकी कोणत्याही गावाच्या बसस्थानकाबाहेर उभे राहावे. मोबाईल दुरुस्तीची दुकाने नजरेस पडतात आणि त्यांत बहुधा आपल्याच वयाची मुले बसलेली असतात. कॉलेज करून तेथे काम करणाऱ्यांपैकी मीही एक आहे. सकाळी इतिहासाचा तास आणि दुपारनंतर सोल्डरिंगचे टेबल असा माझा दिनक्रम आहे. तेव्हा हा विषय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला नसून आपल्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाचा आहे.

दुकानाच्या टेबलावर नेहमी तीन-चार बाटल्या असतात. एकीत आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सर्वजण ‘आयपीए’ म्हणतात, दुसरीत रंगाच्या दुकानातून आणलेला थिनर, तिसरीत पेट्रोल, आणि चौथीवर काहीच लिहिलेले नसते. या सर्वांना शास्त्रात ‘द्रावक’ असे नाव आहे. द्रावक म्हणजे दुसरा पदार्थ आपल्यात विरघळवून घेणारा द्रव. कोणता द्रावक केव्हा वापरावा हे ठरवताना तीन प्रश्न विचारावे लागतात : मळ कोणता आहे, वस्तू कशाची आहे, आणि वाफ कोणाच्या छातीत जाणार आहे. पहिले दोन प्रश्न प्रत्येक चांगला कारागीर विचारतो. तिसरा मात्र बहुधा राहून जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मळ कोणता?

मीठ पाण्यात विरघळते, रॉकेलमध्ये विरघळत नाही. ग्रीसचे उलट आहे. हा शाळेत शिकलेला नियमच येथे उपयोगी पडतो. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. हंगाम संपवून ती परतली की त्यांचे फोन दुरुस्तीला येतात, आणि त्यांत धूळ, घामाचे मीठ व कधी उसाचा वाळलेला रस असतो. साखर आयपीएमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. असा बोर्ड आयपीएने कितीही घासला तरी चिकटपणा राहतो आणि द्रावक मात्र वाया जातो. येथे प्रथम बॅटरी काढून, बोर्ड वेगळा करून, थोड्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावा लागतो. त्यानंतर आयपीए वापरावे, म्हणजे उरलेले पाणी निघून जाते. बोअरचे पाणी या कामी चालत नाही, कारण ते वाळल्यावर त्यातील क्षार बोर्डावरच राहतात.

सोल्डरिंगनंतर उरणाऱ्या फ्लक्सचा प्रकार वेगळा. फ्लक्समध्ये मुख्यतः रोझिन, म्हणजे झाडाची राळ असते, आणि तिच्या जोडीला धातूवरील गंज काढणारी काही रसायने असतात. राळ आयपीएमध्ये सहज विरघळते. पण कापूस एकदाच फिरवून सोडून दिला, तर राळ निघते आणि बाकीचे क्षार पांढऱ्या डागाच्या रूपाने मागे राहतात. ते डाग पाहून पुष्कळजण थिनरची बाटली उचलतात. वास्तविक ब्रशने ताजे आयपीए लावून, ते वाळण्यापूर्वीच स्वच्छ कापडाने टिपून घेतले, तर बहुतेक डाग निघतात. तरीही राहिलेच तर तेथे डिस्टिल्ड वॉटर उपयोगी पडते.

आयपीए ९९ टक्के शुद्धतेचे घ्यावे. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या द्रवात उरलेला भाग पाण्याचा असतो. सन २०२० मध्ये कोरोनाच्या काळात घरोघर सॅनिटायझर आले आणि काहींनी तेच बोर्डावर वापरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून सुमारे दीड टक्का ग्लिसरीन असते. ते उडून जात नाही, बोर्डावर चिकटून राहते. हातांसाठी जे चांगले ते यंत्रासाठी चांगले असेलच असे नाही.

वस्तू कशाची?

द्रावकाला मळ आणि वस्तू यांतला फरक कळत नाही. थिनरमध्ये सहसा टोल्युईन, ॲसिटोन यांसारख्या जहाल द्रावकांचे मिश्रण असते. ॲसिटोनने फोनच्या किंवा रिमोटच्या प्लॅस्टिकची बॉडी मऊ पडते, पारदर्शक प्लॅस्टिकला बारीक चिरा जातात. पेट्रोलने रबर फुगते. टेपरेकॉर्डरच्या काळात रबरी रोलर असेच बिघडत असत. आयपीए त्या मानाने सौम्य असले तरी डिस्प्लेखालचा गोंद आणि स्पीकरची जाळी यांच्यापासून त्यालाही दूर ठेवावे. नव्या द्रावकाचा एक थेंब न दिसणाऱ्या जागी लावून पाहावा, मिनिटभर थांबावे आणि मगच पुढे जावे, हा जुन्या कारागिरांचा नियम आजही खरा आहे.

वाफ कोणाच्या छातीत?

आता तिसरा प्रश्न. त्याचे महत्त्व कळण्यासाठी थोडा इतिहास पाहणे इष्ट ठरेल. पेट्रोल पेट घेते, म्हणून न पेटणाऱ्या द्रावकाचा शोध सुरू झाला. कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी असलेले ‘सीटीसी’, हे असे द्रावक होते. ते इतके पेटत नसे की एके काळी आग विझवण्याच्या नळकांड्यांतही ते भरत. पण त्याच्या वाफेने यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होतात, दारू पिणाऱ्याला त्याचा धोका अधिक असतो, आणि ते फार तापले तर त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आगीतून फुफाट्यात, अशी ही गत झाली.

त्यानंतर सीएफसी-११३ आले. ते पेटत नव्हते, प्लॅस्टिकला सांभाळून घेत होते आणि माणसालाही फारसे बाधत नव्हते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी ते जगभर वापरले. परंतु सन १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की असे वायू वातावरणात वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करतात. सन १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. १ जानेवारी २०१० पासून सीएफसी आणि सीटीसी यांचा असा वापर आपल्या देशात थांबवण्यात आला. म्हणून ‘सीटीसी’ अशी चिठ्ठी असलेली एखादी जुनी बाटली माळ्यावर सापडली, तर ती वापरू नये.

तिसरा प्रसंग आपल्या कामाच्या अधिक जवळचा आहे. चीनमधील सूझौ शहरातील एका कारखान्यात सन २००९ च्या सुमारास फोनच्या काचा पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरण्यात आले, कारण ते लवकर उडते आणि काम झटपट होते. सोयाबीनचे तेल काढण्याच्या कारखान्यांत वापरतात तेच हे द्रावक. शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर मज्जातंतूंना इजा करणाऱ्या पदार्थात होते. १३७ कामगारांना बाधा झाली. हातापायांना मुंग्या येणे, बोटांतील शक्ती जाणे, चालताना अडखळणे अशी या विषबाधेची लक्षणे असतात. ज्याचे पोट बोटांच्या कौशल्यावर चालते, त्याच्या बोटांतील शक्ती गेल्यावर त्याने काय करावे, याचा विचार वाचकांनी करावा.

चौथे उदाहरण मिथेनॉलचे. सन २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल शरीरात फॉर्मिक आम्लात बदलते आणि डोळ्यांच्या नसा जाळते. ते प्यावेच लागते असे मात्र नाही. त्याच सुमारास दक्षिण कोरियात मोबाईलचे सुटे भाग बनवणाऱ्या काही तरुण कामगारांची दृष्टी केवळ त्याच्या वाफेने व कातडीवरील संपर्काने गेली. म्हणून नुसते ‘स्पिरिट’ म्हणून सुट्या बाटलीत मिळणारा स्वस्त द्रव घेऊ नये. त्याच्या वासावरून किंवा रंगावरून आत मिथेनॉल आहे की नाही हे ओळखता येत नाही.

पेट्रोलविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात बेंझीन असते. भारतातील आजच्या बीएस-६ मानकाप्रमाणे त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे निश्चित झालेले आहे. इंजिनात जाळण्यासाठीचा द्रव रोज नाकासमोर उघडा ठेवणे शहाणपणाचे नाही.

थोडा हिशोब

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच दुकान घेऊ. त्यात सुमारे २८ हजार लिटर हवा मावते. एक मिलिलिटर आयपीए पूर्ण उडाले की त्याची सुमारे ३२० मिलिलिटर वाफ होते. औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने आठ तासांच्या कामासाठी सरासरी मर्यादा सांगितल्या आहेत : हवेच्या दहा लाख भागांत आयपीएचे २०० भाग, हेक्झेनचे ५० आणि सीटीसीचे ५. शटर ओढलेले आहे आणि हवा मुळीच खेळत नाही असे धरले, तर आयपीएची मर्यादा चहाच्या चार चमच्यांत ओलांडली जाते, हेक्झेनची दीड चमच्यात आणि सीटीसीची अवघ्या दहा-बारा थेंबांत. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, सर्व बाटल्या सारख्या नसतात. दुसरी, सर्वांत सौम्य बाटलीसुद्धा बंद दुकानात सौम्य राहत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा

ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो शून्याखाली सुमारे ४० अंश आणि ॲसिटोनचा शून्याखाली सुमारे २० अंश आहे; आयपीएचा १२ अंश. म्हणजे हे तिन्ही आपल्याकडे थंडीच्या दुपारीही पेटू शकतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३८ अंशांच्या आसपास असल्याने ते सुरक्षित समजले जाते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत बीडचा पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छताखालच्या टपरीत तर तो त्याहून अधिक. हिवाळ्यात निर्धोक असलेले रॉकेल त्या दिवसांत निर्धोक राहत नाही. त्याच टेबलावर ३५० अंशांचे सोल्डरिंग आयर्न तापत असते, हे विसरू नये.

या वाफा हवेपेक्षा जड असतात. आयपीएची वाफ हवेच्या दुप्पट, हेक्झेनची तिप्पट जड. त्यामुळे त्या खाली, टेबलाभोवती आणि जमिनीलगत साचतात. छताचा पंखा त्या फक्त ढवळतो. टेबलाच्या उंचीवर, बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा आणि समोरचे उघडे दार यांचा खरा उपयोग होतो.

वापरताना

मी शिकलो तो क्रम येथे देतो. फोन बंद करून बॅटरी काढावी. आयर्न आणि हॉट एअर बंद करून ती दूर ठेवावीत. बाटलीतून थेट न ओतता झाकणाच्या छोट्या वाटीत लागेल तेवढेच द्रावक घ्यावे आणि बाटली लगेच बंद करावी. पहिली धुलाई आधी वापरलेल्या आयपीएने आणि शेवटची ताज्याने केली की निम्म्याहून कमी लागते. बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरी जोडू नये. स्प्रेचा डबा वापरल्यास अधिक थांबावे, कारण अशा पुष्कळ डब्यांत दाबासाठी स्वयंपाकाच्या गॅससारखाच ज्वालाग्राही वायू भरलेला असतो.

कोरोनापासून मास्क सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. पण कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. हातांसाठी नायट्राइलचे मोजे आयपीएला चालतात, ॲसिटोनपुढे टिकत नाहीत. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत द्रावक कधीही भरू नये. उन्हाळ्यात तहानलेले पोर बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही. कोणी चुकून प्यायलेच तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन तातडीने बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे. डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

वापरलेले द्रावक गटारात किंवा दुकानामागच्या मातीत ओतू नये. आपला जिल्हा अवर्षणप्रवण, आणि येथील काळ्या खडकात पाणी भेगाभेगांतूनच साठते व वाहते. त्याच भेगांतून आपली विहीर आणि बोअर भरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ते साठवून ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यावे.

शेवटी, दुकानांत काम शिकणाऱ्या माझ्या मित्रांना एक सुचवावेसे वाटते. मालकाला ‘या बाटलीत काय आहे?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. नाव लिहिलेले द्रावक मागावे, ते वापरताना दार उघडे ठेवावे, आणि डोके जड झाले तर काम थांबवून बाहेर यावे. लिटरभर चांगल्या आयपीएसाठी मोजलेले जास्तीचे पैसे एक-दोन दुरुस्त्यांत भरून निघतात. वाफेने गेलेली नजर किंवा बोटांतील शक्ती कोणत्याही दुकानात दुरुस्त करून मिळत नाही.