शेतकरी सन्मान निधी आणि ‘शेतकरी’ या संज्ञेची व्याप्ती : इनामगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहत, पाण्याचा पाट आणि एका मोठ्या घरालगतचे धान्यकोठार उजेडात आले. ते घर गावप्रमुखाचे असावे व कोठारात गावकऱ्यांकडून आलेले धान्य साठविले जात असावे, असे अनुमान डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडले. तेव्हा धान्य शेतकऱ्याकडून सत्तेकडे जात असे. आज शासनाकडून शेतकऱ्याच्या बँक खात्यात रक्कम येते. मात्र ‘शेतकरी’ कोणास म्हणावे, हे आजही नोंदच ठरविते. या नोंदीचे कार्य स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योजनेचे स्वरूप :
पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेचा शुभारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. पात्र कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. प्रारंभी असलेली २ हेक्टरची मर्यादा त्याच वर्षी काढून टाकण्यात आली. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता शासकीय कर्मचारी आणि दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे यांना योजनेतून वगळले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून त्यात तेवढ्याच रकमेची भर घातली. दोन्ही मिळून होणारे १२,००० रुपये म्हणजे दररोज सुमारे ३३ रुपये होत. वीस गुंठ्यांच्या आणि चार हेक्टरच्या खातेदारास ही रक्कम सारखीच मिळते. म्हणूनच अल्पभूधारकाच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे.

नोंद आणि वास्तव :
पात्रतेचा आधार गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख हा आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याचे नाव त्यावर होते तो पात्र ठरला. शेतात कोणते पीक उभे आहे हे नमुना बारा सांगतो. पण निधी देताना तो विचारात घेतला जात नाही. परिणामी अर्धेलीने किंवा खंडाने जमीन कसणारा योजनेबाहेर राहतो आणि गाव सोडून शहरात स्थिरावलेला खातेदार, अन्य अटींत बसत असल्यास, लाभार्थी ठरतो.

यामागे इतिहासही आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला व अनेक कुळे मालक झाली. परंतु कुळाचा हक्क लागेल या भीतीने पुढे जमिनीचे व्यवहार तोंडी होऊ लागले. ज्या कायद्याने कसणाऱ्यास मालकी दिली, त्याच कायद्याच्या धाकाने नंतरचा कसणारा कागदावरून नाहीसा झाला.

दुसरा प्रश्न विधवा स्त्रियांचा आहे. उपरोक्त दिनांकानंतरच्या खरेदीदारास पाच वर्षे लाभ नाकारला असला, तरी खातेदाराच्या मृत्यूमुळे झालेल्या वारसास तो अपवादाने दिला आहे. त्यासाठी सहा-क च्या वारस नोंदवहीत नोंद व त्यावरून फेरफार होणे आवश्यक असते. भाऊबंदकीच्या वादात ही नोंद रखडली तर शेती सांभाळणारी स्त्री नियमाने पात्र असूनही हप्त्यापासून वंचित राहते. नोंद झाल्यावरही आधार जोडणी व ई-केवायसी हे टप्पे उरतातच.

निष्कर्ष :
थेट हस्तांतरणामुळे मध्यस्थ कमी झाले, ही या योजनेची जमेची बाजू होय. तथापि रक्कम जितकी थेट जाते, तितके नोंदीतील दोषही थेट लाभार्थीपर्यंत पोहोचतात. वारस नोंदी वेळेत पूर्ण करणे आणि मालकी हक्कास बाधा न आणता कसणाऱ्याची लेखी नोंद शक्य करणे, हे दोन उपाय रक्कम वाढविण्याइतकेच महत्त्वाचे आहेत. ग्रामीण महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत सातबारा वाचन व वारस नोंद यांविषयी मार्गदर्शन केल्यास पहिल्या उपायास आपणही हातभार लावू शकू.