उंचीचं नंतर बघू!

कट्ट्यावर पुतळ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती फुटांचा?’ पण स्मारक लोकांना आपलं वाटेल का, आणि मुळात टिकेल का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पटत नाही? मग एक लेक्चर बुडवा (प्रोफेसर मंडळी, सॉरी!), चर्चगेटला उतरा आणि फोर्टच्या दिशेने चालायला लागा.

आधी हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर 21 नोव्हेंबर 1955 ला इथेच, फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला होता. म्हणून मशाल धरलेले ते शेतकरी-कामगार इथेच शोभतात. एखाद्या बागेतल्या हिरवळीवर उभे केले असते, तर ते नुसतं एक शिल्प झालं असतं.

तसंच पुढे चालत राहा, काळा घोडा येईल. मूळ घोड्यावर इंग्लंडचा युवराज होता, म्हणजे नंतरचा राजा सातवा एडवर्ड. 1965 मध्ये तो पुतळा इथून हलवला. आज तो भायखळ्याला, राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. गंमत बघा, पुतळा गेला पण नाव काही गेलं नाही. पन्नासेक वर्षं त्या चौकात घोडाच नव्हता, तरी सगळे ‘काळा घोडा’च म्हणत राहिले, त्या नावाने फेस्टिव्हलही सुरू झाला! शेवटी 2017 मध्ये नवा घोडा आला, तोही मुद्दाम स्वाराशिवाय. मला विचाराल तर हा भारी निर्णय होता. लोकांनी जेवढं लक्षात ठेवलं होतं, तेवढंच परत आणलं. राजाची आठवण कुणाला येत होती?

पण जागा अचूक असली म्हणजे काम झालं, असंही नाही. मालवणचा राजकोट किल्ला घ्या. समोर समुद्रात सिंधुदुर्ग, शिवरायांच्या आरमाराची आठवण. याहून योग्य जागा कुठली? तिथे 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, महाराजांच्या सुमारे 35 फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते! पुतळ्याच्या नट-बोल्टना गंज चढतोय, असं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधी सहाच दिवस नौदलाला पाठवलं होतं. खारा वारा आणि कोकणातला पाऊस काही अचानक आलेले नाहीत. ती जागा निवडली, तेव्हाच तेही सोबत निवडले गेले होते. मग धातू कुठला, आतला सांगाडा कसा, जोड कसे, हे सगळं त्या हवेच्या हिशेबानेच ठरायला हवं ना?

आता तिथे 60 फुटी नवा पुतळा उभा आहे. मालवणला गेलात तर सेल्फी काढाच. फक्त आतल्या सांगाड्याची तपासणी किती महिन्यांनी होते आणि ती कोण करतं, एवढंही तिथे विचारून या.