शेजारच्या देवाचा सिनेमा

पंढरपूरच्या कॉरिडॉरची बातमी आली की मी आधी नकाशा बघते. विठ्ठल मंदिराभोवती आखलेल्या पट्ट्यात घरं येतात, दुकानं येतात, जुने वाडे आणि मठ येतात. काशी विश्वनाथाचा कॉरिडॉर डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला आणि तोच कित्ता पंढरपुरात गिरवायचं ठरलं. तिथले रहिवासी आणि व्यापारी तेव्हापासून विरोध करताहेत. गर्दीचा प्रश्न खोटा नाही. आषाढी-कार्तिकीला महाद्वारात सापडलेल्या माणसाला तो कुणी समजावून सांगायला नको. पण त्या गल्ल्यांमध्ये माणसं राहतात, आणि देवाच्या इतकं जवळ राहणाऱ्यांचं देवाशी जे नातं असतं, त्याला नकाशात रंग नसतो. ते नातं मी पडद्यावर एकदा अगदी स्वच्छ पाहिलं होतं. म्हणून परवा ‘एलिझाबेथ एकादशी’ पुन्हा लावला.

हा सिनेमा नोव्हेंबर २०१४ मधला. दिग्दर्शक परेश मोकाशी, लेखन मधुगंधा कुलकर्णींचं. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि लोकांनी तो ‘मुलांचा सिनेमा’ म्हणून कपाटात ठेवून दिला. माझ्या लेखी मराठी विनोदी सिनेमाच्या एका फार चांगल्या दशकाचा तो शेवट आहे.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ थोर आहे, विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आजही हलवतो. पुढे संतपटांची जी रांग लागली, तीत चमत्कार उरले आणि माणसं गेली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हशा भरपूर होता, देव मात्र बहुतेक वेळा मारामारीनंतरच्या आरतीपुरता. त्या वर्षांविषयी हळहळणारे खूप आहेत. मी त्यांच्यात नाही.

माझं दशक सुरू होतं २००४ ला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी ‘श्वास’ने मराठीला सुवर्णकमळ आणलं आणि मराठी सिनेमाच्या पुनर्जन्माचं सगळं श्रेय त्या एका सिनेमाच्या नावावर लिहिलं गेलं. तेव्हाही मला ते पटलं नव्हतं. त्याच वर्षी सचिन पिळगांवकरांचा ‘नवरा माझा नवसाचा’ आणि केदार शिंदेंचा ‘अगं बाई अरेच्चा!’ आले आणि थिएटरांत माणसं परतली ती प्रामुख्याने या दोघांमुळे. एकात वडिलांनी गणपतीपुळ्याच्या गणपतीला बोललेला विचित्र नवस फेडायला निघालेलं जोडपं आणि एसटीचा कंडक्टर झालेले अशोक सराफ. दुसऱ्यात देवीच्या कृपेने बायकांच्या मनातलं ऐकू येऊ लागलेला वैतागलेला नवरा. समीक्षकांनी दोन्ही सिनेमांना ‘निखळ करमणूक’ म्हणून एका परिच्छेदात निकालात काढलं. देव आणि माणूस यांच्यातली देवघेव, उधारी, आठवण करून देणं, टाळाटाळ हे सगळं त्या एसटीत होतं. नवस ही आपल्याकडची केवढी मोठी गोष्ट! तिच्यावर मोकळेपणाने हसणारा, तरी शेवटी पुळ्याला जाऊन हात जोडणारा सिनेमा क्षुल्लक कसा?

मग २००८ ला उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ आला. देवाला सोडलेला बैल, त्याने उच्छाद मांडलेलं कुसवडे गाव आणि त्याला पकडायला आलेला वनाधिकारी. बैल देवाचा, म्हणून मारता येत नाही, आणि नुकसान करतो म्हणून राहू देता येत नाही. त्या पेचात गावाचं अख्खं राजकारण मावलं. २०१० च्या सुरुवातीला मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लागला. पौराणिक सिनेमा काढायला घरातलं सामान विकणारे फाळके आणि तारामतीच्या वेशातला पुरुष नट, असा भारताच्या पहिल्या कथापटाचा जन्म त्याने हसत हसत दाखवला. आणि ४ नोव्हेंबर २०११ ला ‘देऊळ’. गिरीश कुलकर्णींच्या केश्याला गाय शोधता शोधता औदुंबराखाली दत्त दिसतो आणि मंगरूळ गावात इस्पितळाऐवजी देऊळ उभं राहतं. ज्याला दत्त दिसला, तोच त्या देवळात परका होतो. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनय आणि संवाद अशी दाद त्याला मिळाली. ‘देऊळ’ कडू आहे आणि असायलाच हवा होता.

‘एलिझाबेथ’ मात्र कडू नाही. त्यातलं घर गरीब आहे, वडील नाहीत, आई स्वेटर विणून घर चालवते. कर्जाचा हप्ता थकतो आणि विणायचं मशीन बँक ताब्यात घेते. पैसे भरायला हाताशी एकच विकाऊ वस्तू उरते, वडिलांनी आपल्या हातांनी बनवलेली सायकल, एलिझाबेथ. ज्ञानेश आणि त्याची छोटी बहीण झेंडू ती वाचवायला कार्तिकीच्या यात्रेत आईच्या नकळत बांगड्यांचं दुकान मांडतात. एवढीच गोष्ट. पण तिच्यात पंढरपूर आतून दिसतं. वर्षाची कमाई यात्रेच्या चार दिवसांत करणारं गाव, वारकऱ्यांना खोल्या देणारी घरं, त्याच गर्दीवर पोट चालणारी आणि कुणी जिचं नाव घेत नाही अशी वस्ती, आणि तिथली एक मैत्रीण, जी या पोरांना आपल्यासारखीच वाटते. कीर्तन त्यांना पाठ असतं, कारण ते त्यांच्या खिडकीतूनच ऐकू येतं. विठ्ठल त्यांच्या लेखी शेजारी राहतो. शेजाऱ्याकडे मागता येतं, त्याच्यावर चिडताही येतं.

सिनेमा लागला तेव्हा माझ्या ओळखीतल्या एका विद्वान गृहस्थांनी विचारलं होतं, एकादशीच्या पुढे इंग्लंडच्या राणीचं नाव लावताना यांना काहीच वाटलं नाही का? मी त्यांना तेव्हा मवाळ उत्तर दिलं. खरं उत्तर वारकरी परंपरेतच होतं. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. नामदेव त्याच्या दारातून रागावून परत फिरायची भाषा करतात. नाथांच्या भारुडांत देवाधर्माचं सगळं गांभीर्य सोंगं घेऊन नाचतं. सातशे वर्षं ज्या देवाने हे ऐकून घेतलं, त्याला सायकलच्या नावाने धक्का बसेल असं मानणं हा विठ्ठलाचाच अपमान आहे.

त्या दशकात मी यात्रेला आणि यात्रा नसतानाही पंढरपूरला जात असे. प्रदक्षिणेच्या वाटेवर एक कासार बसायचा. एकदा मराठवाड्यातली एक म्हातारी त्याच्यासमोर बसली. हात शेतातला, सांधे सुजलेले. त्याने तिचा अंगठा तळहातात दुमडला, पंजा दाबून अरुंद केला आणि ‘आजी, हात सैल सोडा, माउलीकडे बघा’ म्हणत हिरवी बांगडी एका दमात मनगटावर सरकवली. पुढची फुटली. त्याने काचा बाजूला सारल्या, दुसरी घेतली आणि फुटलीचे पैसे धरले नाहीत. आजीने कनवटीतली नाणी मोजून दिली आणि वर त्यालाच बुक्का लावला. कळसाला तिने तिथूनच हात जोडले, कारण दर्शनबारी फार लांबली होती. सिनेमातली पोरं बांगड्या विकू लागतात तेव्हा मला हा कासार आठवतो आणि मोकाशींनी हे गाव किती नीट पाहिलं आहे ते कळतं.

२०१४ हे वर्षच पंढरपुरासाठी मोठं होतं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि त्या वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींतून अर्ज मागवले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी ज्या मंदिराचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून उपोषण केलं, तिथे पुजारीपणाचंही दार उघडत होतं. देव अधिक जवळ येतो आहे, असं वाटण्याचे ते दिवस होते. संगीतकार आनंद मोदक २०१४ च्याच मे महिन्यात गेले. ‘एलिझाबेथ’चं संगीत त्यांचं, आणि सिनेमा लागला तेव्हा ते नव्हते. मृदंग-टाळ आणि मुलांचे गळे यांचा इतका अचूक मेळ घालणारा माणूस त्यानंतर मला ऐकायला मिळालेला नाही.

आणि नंतर? नंतर आम्ही भांडत बसलो. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइमवरून रान पेटलं, मराठी सिनेमाला चांगल्या वेळा मिळाव्यात यासाठी. मागणी रास्त होती. पण वेळ मिळवण्याच्या लढाईत, त्या वेळेला काय दाखवायचं याचा विचार मागे पडला. हळूहळू पडद्यावर देव आणि संत परत आले ते हात जोडून बघण्यासाठी, प्रचंड संगीतासह, धुक्यातून, कमी उंचीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून. त्यांच्याशी कुणी बोलत नाही, उधारी मागत नाही, रुसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग आला. जुन्या एसटीची मजा आठवत मी तो हौसेने पाहायला गेले आणि पहिल्या भागातल्या किती नटांना आता आपण मुकलो आहोत याचीच मोजदाद मनात चालू राहिली. रीमा, सतीश तारे, प्रदीप पटवर्धन.

आज ‘वळू’ किंवा ‘देऊळ’ची संहिता घेऊन कुणी निर्मात्याकडे गेलं, तर पहिला प्रश्न विनोदाचा नसेल. भावना कुणाच्या दुखावतील, हा असेल. तो प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्याहून जास्त राग तो प्रश्न आधीच स्वतःला विचारून लेखणी खाली ठेवणाऱ्यांचा येतो. मोकाशींनी ठेवली नाही, हे मला नोंदवायचं आहे.

म्हणून मागणी एवढीच: मोकाशींनी नसेल तर दुसऱ्या कुणी, कॅमेरा आणि थोडे पैसे घेऊन येत्या कार्तिकीला पंढरपुरात जावं. नामदेव पायरीपासून सुरुवात करावी, महाद्वारातून घाटाकडे उतरावं, कासारांच्या, बुक्क्याच्या, तुळशीमाळांच्या दुकानांत बसावं, खोल्या देणाऱ्या बायकांकडून त्यांचे हिशेब ऐकावेत. पट्ट्यात कोणाची घरं येतात ते त्यांना तोंडपाठ आहे. आणि त्यांच्याकडे विनोद भरपूर आहे.