तळघर राहतं करताना

अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत अनेक घरांखाली बेसमेंट असतं. तिथे बैठक थाटायची, तर आधी ओल तपासावी. प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटच्या जमिनीवर चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खाली पाण्याचे थेंब दिसले, तर ओल जमिनीतून येते आहे. ती थांबवल्याशिवाय गालिचा अंथरू नये, बुरशी धरते. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत राखावी. कुणी झोपणार असेल, तर बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवीच. आगीत तीच जीव वाचवते.

मग सजावट. जुना सोफा, आजीची समई, पैठणीचे अभ्रे, मेक्सिकन गालिचा खुशाल एकत्र नांदू द्या; फक्त एक रंग सगळ्यांत फिरता ठेवा. छत बुटकं असेल, तर ठेंगणं फर्निचर आणि भिंती उजळणारे दिवे निवडा.